मधले दफेदार

दफेदार भांडण सोडवायला आले की दोन्ही बाजूंना मार बसायचा, आणि तो अगदी सारखा बसायचा. एकाच्या कानफटात दोन बसल्या तर दुसऱ्याच्याही दोनच. चूक कुणाची, आधी शिवी कुणी दिली, बांध कुणी कोरला, ही चौकशी मागाहून. एकदा रागाच्या भरात त्यांच्याकडून एका बाजूला एक जास्त बसली. ज्याला कमी बसली होती तो एव्हाना घरी जाऊन जेवायला बसला होता. दफेदारांनी त्याला ताटावरून उठवलं आणि उरलेली तिथंच दिली. वर म्हणाले, "एका बाजूला कमी दिली की आपुन त्याच्या गोटात गेलो. मला कुनाच्या गोटात जायाचं न्हाई."

बायकांवर हात उचलायचा नाही, हा त्यांचा नेम होता. बायका भांडल्या तर ते घागरी फोडायचे. मी लग्न होऊन त्या गावात आले त्याच वर्षी विहिरीवर थोरल्या जाऊबाईंशी माझी जुंपली. कारण सांगायलाही लाज वाटते, धुण्याच्या दगडावरून. मी त्यांच्या झिंज्या धरल्या, त्यांनी माझ्या मनगटाचा असा चावा घेतला की रक्त आलं. दफेदार रस्त्याने चालले होते. ते आले आणि काठीने आधी त्यांची घागर फोडली, मग माझी. मी तेव्हाही तोंडाची फटकळच. "माझी कोरी हुती मामा, त्यांची गळकी हुती!" असं ओरडले. दफेदार सरळ जाऊबाईंच्या घरात गेले आणि ओट्यावरचा एक चांगला डेरा फोडून आले. त्या दिवसापासून मी त्यांना मानत आले, आणि पुढे त्यांचा मनापासून द्वेषही केला.

आमचं गाव काष्टीच्या बाजारापासून जवळ. दफेदार गावातलेच, आमच्याच भावकीतले, पण लांबचे. लष्करात दफेदार म्हणजे पायदळातल्या हवालदारासारखा हुद्दा. नगरला रणगाड्यांवर शिकले आणि चिलखती गाडीवर ड्रायव्हर झाले. नगरचं नाव आता बदललं आहे, पण माझ्या तोंडातून नगरच येतं. तरुणपणी त्यांना आफ्रिकेत काँगोला पाठवलं होतं. तिथले गोरे मालक नुकतेच निघून गेले होते, देश नवा होता आणि आपापसात कापाकापी चालली होती. ती थांबवायला जगातल्या देशांनी मिळून एक फौज उभी केली होती, तीत आपली पोरं होती. त्या फौजेची निळी टोपी असायची. परत येताना टोपी जमा करावी लागली, म्हणून गावी आल्यावर दफेदारांनी आपला पांढरा पटका कपड्यांना घालायच्या निळीत बुडवून काढला. दर बाजाराला नीळ आणायची आणि पटका पुन्हा बुडवायचा. उन्हात घाम आला की कपाळावरून निळे ओघळ गालापर्यंत यायचे. दफेदारीणबाई वैतागायच्या. "जगाची भांडनं सोडवून आले, पन उशीवरचे डाग कोन काढनार?"

त्या निळ्यावरून गावात वेगळीच पंचाईत झाली. बौद्धवाड्यातल्या पोरांनी जयंतीच्या मिरवणुकीला त्यांना बोलावलं. दफेदार गेले, मिरवणुकीत पुढे चालले, पोटभर जेवून आले. लगेच भावकीत बोभाटा झाला की दफेदार तिकडचे झाले. चौघे जण समजूत घालायला ओट्यावर आले. दफेदारांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बोलावलं म्हनून गेलो. तुमी बोलवा, तुमच्यातबी येतो. पन पटका ह्योच ऱ्हानार." त्या चौघांनी पटका बदलायचा आग्रह धरला तेव्हा मात्र सगळ्यांना सारखा प्रसाद मिळाला.

माझा नातू आता मोबाईलवर मला दाखवत असतो, आपल्या देशाला आज जगात किती मान आहे वगैरे. मी त्याला म्हणते, हे मला जुनं आहे, मी हे आमच्या विहिरीवर ऐकलेलं आहे. दफेदार सांगायचे, "माझा बाप गोऱ्याची मोटार आली की सडकंच्या खाली उतरून, मुंडासं काढून उभा ऱ्हायाचा. आन तिकडं काँगोत मी सडकंवर उभा. गोऱ्याची गाडी आली. मी हात वर केला, आन ती थांबली! त्यानं कागद दाखवलं, मला साहेब म्हनला. मी गाडी सोडली, पन हात लई येळ वरच ऱ्हायला हुता." हे सांगताना त्यांच्या डोळ्यात पाणी यायचं, ते पुसायचेही नाहीत. मग म्हणायचे, "कालपरवा सुटल्याला देश आपला. खायला धान न्हाई, अंगावर धड कापड न्हाई. तरी जगानं आपल्यालाच बोलावलं. का? तर हे कुनाचेच न्हाईत. ना ह्या गोटातले, ना त्या. अगं सूनबाई, कुनाचंच नसनं ही लई मोठी गोष्ट हाय."

पण अभिमानापाठोपाठ ते दुसरंही सांगायचे, आणि जेवताना सांगायचे, भाकरी मोडता मोडता. काँगोत तांब्याच्या खाणी असलेला एक प्रांत वेगळा होऊन बसला होता. "तांबं ज्याच्या वाट्याला आलं ते म्हनतंय मी येगळा. आपल्यात विहीर ज्याच्या वाट्याला येती त्यो म्हनतो, तसंच." एका गावच्या बाजारात दोन टोळ्या हातात सुरे घेऊन समोरासमोर आल्या होत्या. आपल्या कोयत्याएवढे सुरे. दफेदारांची गाडी मधे जाऊन उभी राहिली. गोळी झाडायचा हुकूम नव्हता, नुसतं उभं राहायचं. दिवसभर गाडी मधे होती, एक माणूस मेलं नाही. संध्याकाळी हुकूम आला, तिथून हला, पुढे पूल राखायला जा. दुसऱ्या दिवशी परत आले. "काष्टीला कांदं वतत्यात तशी मानसं वतल्याली हुती. एक बाई भिंतीला टेकून बसल्याली. म्हटलं जित्ती हाय. हात लावला तर मान मागं गेली, नुसती कातडीवर हुती." आणि मग ताटाशेजारी मूठ आपटून म्हणायचे, "हलायचं नव्हतं! गाडी हलली म्हनून मेली ती. आमी हललो म्हनून."

पुढे गोळीबाराचाही हुकूम झाला. रस्त्यात आडवं झाड टाकून त्यामागे काही जण दबा धरून होते, ते गाडीवर गोळ्या झाडत होते. दफेदारांच्या गाडीने झाडासकट त्यांना उडवलं. "पोरंच हुती. झाड फुटलं, पोरंबी फुटली. शांतता करायला गेल्तो आन मानसं मारून आलो. दोनी खरं हाय. ज्यो एकच सांगतो त्यो खोटं बोलतो." आम्ही ऐकणारे घास हातात धरून बसायचो. ते मात्र कालवण मागून घ्यायचे.

आता आमच्या घरचं सांगते. सासरे गेल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. विहीर थोरल्या भाऊजींच्या वाट्याच्या रानात आली. पाणी पाळीने घ्यायचं असं पाच माणसांत ठरलं, आणि दोन वर्षं नीट चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. भाऊजींनी नवा ऊस लावला होता, आमचा ऊस तोडीला आलेला. आमची पाळी होती त्या दिवशी सकाळी माझा नवरा रानात गेला तर मोटरच्या पेटीला कुलूप. तो घरी आला. आढ्याला खोचलेला कोयता काढला आणि चालू लागला. मी त्याच्या पायांना मिठी मारली, तर त्याने लाथेने मला बाजूला केलं. तशी मी उठले आणि पदर खोचून दफेदारांच्या घराकडे पळत सुटले.

मी दफेदारांना घेऊन विहिरीवर पोचले तोवर पहिलं रक्त सांडलं होतं. भाऊजींचा मोठा पोरगा काठी घेऊन आडवा आला होता, माझ्या नवऱ्याने कोयत्याच्या मुठीने त्याचं डोकं फोडलं होतं. पोरगा डोकं धरून पाटात पडला होता, पाटाचं पाणी लाल झालं होतं. भाऊजी कुऱ्हाड घेऊन खोपीतून बाहेर आले. जाऊबाई ऊर बडवत होत्या. दोघे भाऊ एकमेकांकडे चालत होते. पळत नव्हते, चालत होते. त्यांची मी आजही तीच चाल बघते, दोघांची सासऱ्यांसारखी, उजवा खांदा पुढे टाकून.

दफेदार त्या दिवशी कुणाच्या कानफटात मारायला गेले नाहीत. हातातली काठी त्यांनी बांधावर टाकून दिली, मोकळ्या हातांनी त्या दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. "हत्यार खाली ठेवा," एवढंच म्हणाले. भाऊजी थांबले. माझा नवरा थांबला नाही. कोयता वर गेला तो दफेदारांच्या डोक्यावरून पलीकडे भावाच्या मानेकडे, मी बघत होते. दफेदार त्या बाजूला सरकले आणि कोयता त्यांच्या उजव्या खांद्यात बसला. ऊस तुटताना होतो तसा आवाज झाला. ते पडले नाहीत. सावकाश मातीत खाली बसले, खांद्यातून रक्ताची धार लागलेली, आणि म्हणाले, "आता कुनी हलायचं न्हाई." कुणीच हललं नाही. नवऱ्याच्या हातातून कोयता केव्हा गळला ते त्यालाही कळलं नाही. मग भाऊजींनीच ट्रॅक्टर काढला, दफेदारांना आणि आपल्या पोराला ट्रॉलीत घातलं.

दफेदार नगरच्या दवाखान्यात वाचले, पण हात कायमचा लुळा झाला. पोलीस जबाब घ्यायला येणार होते. मी आदल्या दिवशी गाठोड्यात भाकरी बांधून एसटीने गेले. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी म्हणाले, "मामा, कडबा कापायच्या यंत्रात हात गेला म्हना. तुमी तसं म्हनला तर माझा संसार वाचंल."

त्यांनी डाव्या हाताने माझं डोकं पायांवरून उचललं. आवाज खोल गेला होता. "सूनबाई, मी कडबाकुट्टीत गेलो म्हनलो, तर उद्या थोरला म्हनंल दफेदार धाकल्याचा हाय. मग परत मधी उभं ऱ्हायाला मला जागा कुठं? मी तुझ्याकडचा न्हाई. त्याच्याकडचाबी न्हाई."

"मग माझ्याकडचं कोन?" मी ओरडले. सगळा वॉर्ड बघायला लागला. मी भाकरीचं गाठोडं त्यांच्या अंगावर फेकलं, तोंडाला येतील ते शाप दिले, दुसराही हात झडो म्हणाले, आणि रडत एसटी स्टँडवर आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलिसांना सगळं खरं सांगितलं. माझ्या नवऱ्याचं नाव, भाऊजींचं कुलूप, कुऱ्हाड, पोराची काठी, सगळं. भाऊजी आणि पोरगा थोडक्यात सुटून आले. माझा नवरा कित्येक वर्षांसाठी येरवड्याला गेला.

दफेदार दवाखान्यातून आले ते घरी थांबलेच नाहीत. कपड्यांचं पोतं पाठीला बांधून आणि डोक्यावर बाज घेऊन सरळ आमच्या विहिरीवर आले. मोटरच्या पेटीचं कुलूप दगडाने तोडलं, विहिरीत टाकलं आणि पेटीला लागून बाज मांडली. भाऊजी धावत आले. "हे माझं रान हाय." दफेदार म्हणाले, "रान तुझंच हाय. मी फकस्त बसलोय. धाकला सुटून येत न्हाई तवर बसनार." गावाला वाटलं, चार दिवसांचा खेळ असेल. पण उन्हाळा गेला, पाऊस गेला, थंडी आली, आणि दफेदार बाजेवरच होते. वर पाचटाचं छप्पर तेवढं घातलं. दफेदारीणबाई घरून भाकरी आणायच्या. आमच्या दोन्ही घरचं पाणीसुद्धा ते पीत नसत. आमची पाळी आली की डाव्या हाताने बटण दाबायचे, भाऊजींची आली की त्यांच्यासाठी दाबायचे.

मी त्यांच्याशी बोलत नव्हते. पाण्याला गेले की मुद्दाम त्यांच्या बाजेवर पाणी उडवायचे, अंथरूण भिजवायचे. ते म्हणायचे, "भिजव. ऊन हाय वाळायला." एकदा भाऊजींच्या पोराने रागाने आमचा पाट फोडला. दफेदारांनी डाव्या हातात काठी घेऊन त्याच्या नडगीवर अशी दिली की तो महिनाभर लंगडत होता. मग त्याच पावली माझ्या दारात आले. मी काहीच केलं नव्हतं. तरी त्यांनी ओट्यावरची माझी घागर फोडली. मी तावातावाने म्हणाले, "माझा काय गुन्हा?" तर म्हणाले, "कालपरवा बाजंवर पानी टाकलं त्याचं." आणि निघून गेले. त्या दिवशी मला नवरा तुरुंगात गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं, आणि हसल्याबद्दल माझाच मला राग आला.

असंच एकदा ते छपराखाली रेडिओ कानाला लावून बसले होते. दिल्लीत देशोदेशीचे पुढारी जमले होते. "आयकतीस का सूनबाई? हे समदे कुनाच्याच गोटात नसल्याले. आन बैठक आपल्याकडं!" त्यांचा चेहरा लग्नघरातल्या बापासारखा फुलला होता. मी घागर भरता भरता म्हणाले, "जगाचं ऱ्हाऊ द्या. माझी पोरं बापाला इचारत्यात, त्यांना काय सांगू?" दफेदारांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, "सांग, बाप येनार हाय. आन येईल तवा त्याचा भाऊ जित्ता असंल. भावाला त्यो जित्ता दिसंल. मला एवढंच जमतंय. जास्त जमत असतं तर तेबी केलं असतं." मी घागर उचलली आणि आले. वाटेत रडले. कुणासाठी रडले ते मला सांगता येणार नाही.

नवरा सुटायला अजून अवकाश होता, तेव्हा एका हिवाळ्यात दफेदार गेले. दफेदारीणबाई सकाळी भाकरी घेऊन आल्या तर ते बाजेवर थंडगार पडलेले. सगळा गाव जमला, बौद्धवाड्यातली माणसं आली, लष्करातले दोन म्हातारे सोबतीही आले. भाऊजी सरणाच्या एका अंगाला उभे होते, आम्ही दुसऱ्या. गावातल्या प्रत्येकाच्या मनात एकच विचार होता. आता मधे कुणी नाही.

सहा दिवसांनी आमची पाळी होती. मी पोरांना शेजारी ठेवलं. नवऱ्याचा कोयता पोलिसांनी नेला होता, दुसरा होता तो पदराखाली घेतला. आता लपवण्यात अर्थ नाही, मी ठरवून गेले होते. पाणी बंद असेल तर मी भाऊजींना तोडणार होते, नाहीतर त्यांनी मला तोडायचं. बाज दफेदारीणबाईंनी नेली होती, जमिनीवर तिच्या पायांचे चार खड्डे तेवढे राहिले होते. भाऊजी पेटीजवळ उभे होते. माझ्या पदराखाली काय आहे ते त्यांना दिसत होतं, कोयत्याचं टोक काय लपतं होय. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग भाऊजी वळले, डाव्या हाताने बटण दाबलं, आणि माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागले. ते काही डावखुरे नव्हते. पाटात पाणी आलं. मी संध्याकाळपर्यंत उसाला पाणी दिलं, कोयता हातातून खाली ठेवला नाही.

नवरा सुटून आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. पाळी तशीच चालू राहिली. दोघे भाऊ शेजारी शेजारी राबले, पण एक शब्द बोलले नाहीत. दफेदारांना मी माफ केलं का? केलं नाही. माझी ऐन तरुणपणाची वर्षं त्यांनी येरवड्याला धाडली, ती मला कुणी परत दिली नाहीत. आणि तरीही त्यांच्याएवढा माणूस मी पुन्हा बघितला नाही, हेही खरं आहे.

भाऊजी म्हातारपणाने, आपल्या घरात, अंथरुणावर गेले. माझा नवरा न बोलावता उठला, तिरडीला पुढून खांदा दिला आणि नदीपर्यंत खांदा कुणाला बदलू दिला नाही. आला, आंघोळ केली आणि ओट्यावर बसला. खांदा लाल झाला होता, मी तेल घेऊन चोळायला बसले.

"त्या दिशी दफेदार मधी सरकला नसता, तर मी दादाला तोडला असता," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. "मानंचा नेम धरूनच कोयता मारला हुता म्या."

"म्हाईत हाय," मी म्हणाले. "मी बघत हुते."

मग तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून भावासाठी मोठ्याने रडायला लागला, आणि मी त्याला रडू दिलं.